याकोब ३ मधले 'वरून येणारे ज्ञान' आणि लूक १६ मधला कारभारी: दोन्ही एकत्र कसे शिकवावेत?

उंबरठा

सर्वांना सलाम.

तरुण संघासाठी याकोब ३:१३-१८ वर चाळीस मिनिटांचा धडा घ्यायचा आहे. ऐकणारी मुलेमुली वीस ते तीस वयाची. बहुतेक नोकरीला लागलेली: बँक, औषधविक्री, शाळा, काही स्पर्धा परीक्षांच्या तयारीत. तीन ठिकाणी अडले आहे.

१) याकोब एका ज्ञानाला 'पृथ्वीवरचे, इंद्रियजन्य, सैतानाकडचे' म्हणतो. पौल म्हणतो, देवाने जगाचे ज्ञान मूर्खपणाचे ठरवले (१ करिंथ १:२०). मग लूक १६ मध्ये अन्यायी कारभाऱ्याच्या शहाणपणाची वाहवा कशी होते? आणि मत्तय १०:१६ मध्ये सापांसारखे चतुर व्हा, हे कसे?

२) 'जगाचे ज्ञान' म्हटले की वर्गात लगेच यादी सुरू होते: कॉलेज, विमा, शेअर, डॉक्टर. पौलाचा रोख खरेच यांच्यावर आहे का?

३) प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी 'हे शहाणपण कुठले' हे ओळखायचे कसे? उदाहरण म्हणून एक प्रश्न घेणार आहे: मित्राच्या कर्जाला जामीन राहावे का?

मूळ भाषेचे संदर्भ असतील तर देवनागरीतच द्या, फळ्यावर लिहायला सोपे जाते.

---

जुनी वही

पहिली अडचण निम्मी शब्दांची आहे, तेव्हा आधी शब्द सोडवू.

नव्या करारात ग्रीकमध्ये तीन वेगळे शब्द आहेत. सोफिया म्हणजे जगण्याचे शहाणपण. याकोब ३ आणि १ करिंथ १ मध्ये हाच आहे. ग्नोसिस म्हणजे माहिती, जाणणे. १ करिंथ ८:१ मध्ये जे 'फुगवते' ते हे. फ्रोनिमोस म्हणजे प्रसंग ओळखून वेळेवर पाऊल उचलणारा. लूक १६:८ चा कारभारी, मत्तय १०:१६ चा साप, मत्तय ७:२४ मधला खडकावर घर बांधणारा आणि मत्तय २५ मधल्या तेल बरोबर घेतलेल्या पाच कुमारी, सगळे फ्रोनिमोस. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात सोफियाला बहुतेक ठिकाणी 'ज्ञान' म्हटले आहे आणि ८:१ च्या ग्नोसिसलाही 'ज्ञान'च. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की बायबल शिक्षणाच्या, माहितीच्या विरोधात बोलते आहे. धडा सुरू करतानाच सांगा: याकोब ३ मध्ये जिथे 'ज्ञान' येईल तिथे मनात 'शहाणपण' म्हणा. अर्धा गोंधळ तिथेच जातो.

आता याकोबाचा परिच्छेद. तो ३:१ पासून वाचा, १३ पासून नको. अध्यायाची सुरुवात 'तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये' अशी आहे. म्हणजे १३ व्या ओवीतला 'तुमच्यामध्ये ज्ञानी कोण?' हा प्रश्न बाजारातल्या माणसाला विचारलेला नाही, तो मंडळीत शिकवायला पुढे येणाऱ्याला विचारलेला आहे. हे लक्षात आले की पुढच्या शब्दांची धार कुणाकडे आहे ते कळते.

ओवी १४ मध्ये दोन लक्षणे येतात. एक, कडवट मत्सर. दुसरे, मराठीत 'तट पाडण्याची बुद्धी'. हे भाषांतर फार चांगले आहे. मूळ शब्द एरिथेइया. नव्या कराराच्या आधी हा शब्द अ‍ॅरिस्टॉटलच्या राजकारणावरच्या लिखाणात सापडतो, तिथे त्याचा अर्थ अधिकारपद मिळवण्यासाठी माणसे फोडणे, आपल्या बाजूला वळवणे असा आहे. मंडळीच्या निवडणुकीच्या आठवड्यात जे चालते त्याला याहून नेमका शब्द नाही.

मग ओवी १५ चे तीन शब्द. एपिगेइओस: जमिनीवरचे, ज्याची नजर इथल्यापुरतीच आहे. प्सुखिके: आत्म्यावाचून केवळ जिवाच्या ओढीने चालणारे, यहूदाच्या पत्रात ओवी १९ मध्ये हाच शब्द फुटी पाडणाऱ्यांना लावला आहे आणि त्याचा अर्थ तिथेच दिला आहे, 'ज्यांच्याजवळ आत्मा नाही'. 'इंद्रियजन्य' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त शरीराची पापे येतात, म्हणून हे समजावून द्यावे लागेल. तिसरा शब्द सैतानी. तीन शब्द उतरत्या पायऱ्यांसारखे आहेत.

ओवी १७ ची यादी फळ्यावर लिहा, पण क्रम मोडू नका. 'प्रथम शुद्ध, मग शांतिप्रिय' असा क्रम मुद्दाम आहे. शुद्ध म्हणजे हेतू मिसळलेला नाही. शांतता पहिल्या जागी नेली तर 'वाद नको' म्हणून खोटेपणा झाकणे हेही शहाणपण ठरते. त्यानंतर सौम्य: हक्क असूनही ताणून न धरणारे. मग एउपेइथेस, मराठीत 'समजूत होण्याजोगे': म्हणजे कारण पटवून दिले तर ऐकणारे. माझ्या मते सगळ्या यादीत ही सर्वांत उपयोगी कसोटी आहे, कारण ती बाहेरून दिसते. मग दया व चांगली फळे. शेवटी दोन नकार: आदियाक्रितोस, अपक्षपाती, आणि अनुपोक्रितोस, निर्दंभ. 'अपक्षपाती' या शब्दाचे मूळ क्रियापद २:४ मध्ये येऊन गेले आहे, सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायांजवळ बसवणाऱ्यांबद्दल. याकोबाने आपल्याच पत्रात आधी उदाहरण दिले, नंतर लक्षण सांगितले. वर्गात २:१-४ आधी वाचून घ्या.

---

दिवटी

दुसऱ्या प्रश्नाला करिंथ शहरातून उत्तर मिळते.

इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियस याने जुने करिंथ उद्ध्वस्त केले. इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने तिथे रोमन वसाहत वसवली, आणि वसायला आलेल्यांत मुक्त केलेले गुलाम पुष्कळ होते. जुनी घराणी कमी, नवा पैसा जास्त, दोन बंदरांचा व्यापार. अशा गावात माणसाची पत त्याच्या बोलण्यावर, ओळखींवर आणि आश्रयदात्यावर ठरते. फिरते वक्ते येत, लोक त्यांच्या भाषणाला गुण देत आणि मग 'मी अमक्याचा' म्हणत. पौल तिथे दीड वर्ष राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:११). राज्यपाल गल्लियोचे नाव असलेला शिलालेख डेल्फी इथे सापडला आहे, त्यावरून हा काळ इ. स. ५१-५२ च्या आसपासचा ठरतो. त्याच्यामागून आलेला अपुल्लो अलेक्झांड्रियाचा, उत्तम वक्ता.

आता १ करिंथ १:१२ वाचा: मी पौलाचा, मी अपुल्लोचा, मी केफाचा, मी ख्रिस्ताचा. 'जगाचे ज्ञान' हा शब्दप्रयोग या वाक्यानंतर येतो. म्हणजे पौलाचा रोख भूमितीवर किंवा वैद्यकावर नाही. वक्त्याची उंची मोजून स्वतःची उंची ठरवायची, या मोजपट्टीवर आहे. वधस्तंभ या मोजपट्टीवर बसतच नाही. रोमन नागरिकाच्या कानावरही तो शब्द पडू नये, असे सिसेरोने एका खटल्यात म्हटले होते. ज्याला तशी शिक्षा झाली त्याच्या नावाने मंडळी उभी राहते, आणि तीच मंडळी पुढाऱ्यांच्या उंचीवरून फुटते, हा विरोधाभास पौलाला दाखवायचा आहे.

याच पत्रातली एक ओवी तुमच्या वर्गाला फार उपयोगी पडेल, ती सहसा या विषयात कोणी घेत नाही: ६:५. भाऊ भावाला कोर्टात खेचतो आहे, तेव्हा पौल विचारतो, 'भावाभावांचा निवाडा करता येईल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय?' तिथे शब्द सोफोस आहे. चार अध्याय जे आपल्या सोफियाची बढाई मारत होते त्यांच्याकडे लहानशा व्यवहाराचा निवाडा करण्याइतकी सोफिया नाही. खरे शहाणपण पौल कुठे शोधतो ते इथे कळते.

आणखी दोन जागा सांभाळा. १:१९ मध्ये 'मी ज्ञान्यांचे ज्ञान नष्ट करीन' हे यशया २९:१४ मधून घेतले आहे. तिथे बोलणे यहूदा राज्याच्या मुत्सद्द्यांबद्दल आहे. ते अश्शूरच्या भीतीने मिसर देशाशी गुपचूप करार करत होते. यशया ३१:१-२ पुढे वाचा: ते घोड्यांवर भरवसा ठेवतात, 'पण तोही ज्ञानी आहे'. म्हणजे देवाला वगळून केलेला बेत, मग तो कितीही हिशेबी असो.

३:१९ मध्ये 'तो ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो' हे ईयोब ५:१३ मधले आहे, आणि बोलणारा एलीफज आहे. ईयोब ४२:७ मध्ये देव ज्याला 'तू माझ्याविषयी योग्य बोलला नाहीस' म्हणतो तोच. वाक्य खरे, पण एलीफजाने ते चुकीच्या माणसावर, दुःखात बसलेल्या ईयोबावर वापरले. खरे वचन चुकीच्या जागी लावणे हाही शहाणपणाचा अभाव, हे मुलांना यातून दाखवता येईल.

---

मीठभाकर

दिवटी यांच्या मांडणीत एक भर. पुष्कळ प्रवचनांत असे सांगतात की अथेन्सला पौलाने तत्त्वज्ञानाची भाषा वापरली, ते फसले, म्हणून करिंथला आल्यावर त्याने 'फक्त वधस्तंभ' असे ठरवले. म्हणजे अथेन्सचे भाषण हेच जगाचे ज्ञान. हे मीही खरे धरत आलो आहे. बरोबर आहे ना?

---

दिवटी

नाही, हे टाळावे. लूकने तसे कुठेच सूचित केलेले नाही. प्रेषितांची कृत्ये १७:३४ मध्ये दियोनुस्य अरीयपगकर, दामारी नावाची बाई आणि त्यांच्याबरोबर इतर काही जण विश्वासात आल्याचे स्पष्ट लिहिले आहे. भाषणात पुनरुत्थानही आहे (१७:३१). पौलाने तिथे ग्रीक कवीची ओळ घेतली, पण तो १ करिंथ १५:३३ मध्येही ग्रीक ओळ घेतो, म्हणजे करिंथनंतर त्याने ती पद्धत सोडलेली नाही. ही मांडणी शिकवली की मुलांच्या मनात 'विचार करून बोलणे म्हणजे अविश्वास' असे घट्ट बसते आणि ते निघत नाही. २:६ ही ओवीही सोबत वाचा: 'तरी प्रौढांमध्ये आम्ही ज्ञान सांगतो'.

---

शेवंती

लूक १६ आणि साप, या दोन्हींचे मूळ जुन्या करारात आहे असे मला वाटते. थोडे मागे जाते.

हिब्रू होखमा हा शब्द मुळात कसबाचा आहे. निर्गम ३१:३ मध्ये बसालेलला देव होखमा देतो ती सोने, रुपे, लाकूड घडवण्यासाठी. निर्गम ३५:२५-२६ मध्ये सूत कातणाऱ्या बायकांकडे होखमा आहे. स्तोत्र १०७:२७ मध्ये वादळात खलाशांची होखमा गडप होते. तेव्हा 'आध्यात्मिक ज्ञान' आणि 'कामाचे ज्ञान' अशी भिंत बायबलमध्ये नाही. प्रेषितांची कृत्ये ६:३ मध्ये विधवांच्या जेवणाच्या वाटपाला माणसे हवीत, तर अट काय? आत्म्याने व सोफियाने पूर्ण. वाढपाच्या कामाला.

उलट बाजूही तितकीच खरी. २ शमुवेल १३:३ मध्ये योनादाबला 'फार हाखाम' म्हटले आहे. हाखाम म्हणजे होखमा असलेला. दावीद राजाचा मुलगा अम्नोन याला आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, अत्याचार करता यावा म्हणून आजारपणाचे सोंग, बापाची भेट, तिला जेवण करायला बोलावणे, हा बेत त्याने आखला. बेत चोख जमला. शास्त्र त्याला अडाणी म्हणत नाही, हाखामच म्हणते, आणि हे वाचताना अंगावर काटा येतो. म्हणजे कौशल्य एकच असते. ते कुणाच्या भयात चालते यावर सगळे ठरते. 'परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ' (नीतिसूत्रे ९:१०) याचा अर्थ भय आले की पुढे शिकायचे थांबवा असा नाही. तो प्रारंभ आहे.

सापाचे असे आहे. उत्पत्ती ३:१ मध्ये साप आरूम आहे, धूर्त. तोच शब्द नीतिसूत्रे १२:१६, १२:२३, १४:१५ मध्ये चांगल्या अर्थाने येतो: अपमान गिळणारा, जाणलेले सगळे बोलून न टाकणारा, पाऊल बघून टाकणारा. आणि जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात उत्पत्ती ३:१ च्या सापाला फ्रोनिमोतातोस म्हटले आहे, जुनी वही यांनी सांगितलेल्या फ्रोनिमोसची सर्वोच्च पायरी. येशूने 'सापांसारखे फ्रोनिमोस व्हा' म्हटले तेव्हा एदेनच्या सापाचे ते वर्णन ऐकणाऱ्याला आठवावे असेच ते वाक्य आहे. म्हणून लगेच कबुतर येते: 'निरुपद्रवी', मूळ अर्थ भेसळ नसलेले. सापाची सावधगिरी घ्या, विष नको. ओवीचा संदर्भही सांगा: लांडग्यांमध्ये मेंढरे पाठवली जात आहेत. ही चतुराई छळ सोसणाऱ्याची आहे, दुसऱ्यावर मात करण्याची नाही.

आता कारभारी. रकमा सांगितल्याशिवाय हा दाखला कळत नाही. पहिला देणेकरी शंभर बथ तेलाचा. एक बथ ढोबळमानाने २२ लिटर धरला तर २,२०० लिटर. त्यातले निम्मे माफ. दुसरा शंभर कोर गव्हाचा; कोर दहा बथांचा, म्हणजे सुमारे २२,००० लिटर मापाचे धान्य. त्यात वीस टक्के सूट. ही घरगुती उसनवारी नाही, मोठ्या जमीनदारीचा हिशेब आहे. कारभाऱ्याला कळले की नोकरी गेली, वह्या अजून हातात आहेत, वेळ थोडा आहे. त्याने उरलेल्या अधिकारातून उद्याची घरे उघडून ठेवली.

माफ केलेला भाग त्याचे कमिशन होते की लपवलेले व्याज, यावर अभ्यासकांत वाद आहे. वर्गात त्यात शिरू नका, वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक, ओवी ८ मध्ये वाहवा होते तेव्हाही त्याचे विशेषण 'अन्यायी'च आहे. लबाडीला माफी मिळालेली नाही. दोन, तुलना ही आहे: या युगाचे लोक आपल्या व्यवहारात जितके डोळे उघडे ठेवतात तितके प्रकाशाचे लोक ठेवत नाहीत. येशूची तक्रार आपल्या ढिलाईबद्दल आहे. ओवी १० ते १३ इथपर्यंत वाचलेच पाहिजे, नाहीतर दाखला अर्धा राहतो: थोडक्यात विश्वासू, दुसऱ्याच्या मालात विश्वासू, आणि देव व धन या दोघांची चाकरी नाही.

---

घंटाघर

मी कॅथलिक परंपरेतून लिहितो, तिसऱ्या प्रश्नावर. निर्णयाच्या पद्धतीवर आपल्याकडे बरेच काम झाले आहे आणि ते कोणालाही वापरता येते.

संत थॉमस अक्विनास (१२२५-१२७४) यांनी याकोब ३:१५ चे तीन शब्द असे उलगडले: माणूस आपले अंतिम ध्येय बाहेरच्या संपत्तीत ठेवतो तेव्हा त्याचे शहाणपण पृथ्वीवरचे, शरीराच्या सुखात ठेवतो तेव्हा इंद्रियजन्य, आणि स्वतःच्या मोठेपणात ठेवतो तेव्हा सैतानी, कारण सैतानाचे पाप गर्वाचे. म्हणजे प्रश्न 'हा विषय जगाचा की देवाचा' असा नाही, 'शेवटी हे कशासाठी' असा आहे. विमा काढणे तीनही असू शकते, किंवा एकही नसू शकते.

विवेकाच्या तीन पायऱ्या ते सांगतात: विचारविनिमय, निवाडा, आणि अंमल. तिसरी सर्वांत महत्त्वाची. कारण नीट ठरवून न करणारा माणूस त्यांच्या मते विवेकी नाही. चुकाही पायरीवार होतात: पहिली गाळली तर उतावळेपणा, दुसरी गाळली तर अविचार, तिसरी गाळली तर चंचलपणा. विवेकासारखे दिसणारे पण विवेक नसलेले दोषही त्यांनी नोंदवले आहेत: धूर्तपणा, कपट, फसवणूक, आणि उद्याची अति काळजी. या सगळ्यांची मुळे ते लोभात दाखवतात.

आता जामीनकीचा प्रश्न घेऊ. नीतिसूत्रे ६:१-५, ११:१५, १७:१८, २२:२६-२७ सगळीकडे जामीन राहू नका असेच आहे; शेवटच्यात तर अंगाखालचे अंथरूणही काढून नेतील म्हटले आहे. पण फिलेमोन १८-१९ मध्ये पौल फिलेमोनाचा गुलाम अनेसिमस याच्यासाठी लिहितो, 'त्याचे काही देणे असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन', आणि ते स्वतःच्या हाताने लिहून देतो. सिराखचा ग्रंथ (आमच्या बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट छपाईत सहसा नसतो) दोन्ही जोडतो: चांगला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो (२९:१४), पण ऐपतीपलीकडे राहू नकोस, आणि राहिलास तर ते तुलाच फेडायचे आहे असे धर (८:१३).

पहिली पायरी, विचारविनिमय: कागद वाचा. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग आपल्याकडे येईल, ही समजूत चुकीची आहे. रक्कम, मुदत, हप्ता, मित्राची इतर कर्जे विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर तो संकोच दया नाही. घरात पती किंवा पत्नीला सांगा. लपवावेसे वाटले तर तिथेच थांबा.

दुसरी पायरी, निवाडा: पूर्ण रक्कम आपल्याला भरावी लागली तर घर चालेल का? आणि भरल्यावर मित्राशी बोलणे राहील का? दोन्हींचे उत्तर हो असेल तरच पौलाची वाट. नाहीतर नकार, आणि जमेल तेवढी रक्कम उसनी न देता सरळ मदत म्हणून द्यावी.

तिसरी, अंमल: नकार असो वा होकार, ठरल्या दिवशी स्वतः जाऊन सांगणे. फोन न उचलणे हे शहाणपणाच्या नावाखाली सर्वांत जास्त चालते.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापुस्तकात (पोपची मान्यता १५४८) अजून तीन साधी साधने आहेत. एक: मन उदास, अस्वस्थ, देवापासून दूर वाटत असताना आधीचा निर्णय बदलू नये. दोन: ज्याला कधी पाहिले नाही अशा अनोळखी माणसाला याच प्रश्नावर काय सल्ला दिला असता ते लिहा. तीन: मरणाच्या वेळी कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल ते लिहा. तीनही कागदावर करायचे, मनात केले की मन आपल्या सोयीचे उत्तर काढते.

---

जुनी वही

घंटाघर यांच्या उत्तराला एक जोड. याकोब १:५ मध्ये 'ज्ञानाने उणा असेल त्याने मागावे' म्हटले आहे. ही ओवी परीक्षेच्या आधी मुलांना देतात, पण तिचा संदर्भ १:२-४ चा, म्हणजे संकटे सोसण्याचा आहे. पाठांतर सोपे व्हावे यासाठी हे मागणे नाही. देव 'दोष न लावता' देतो, हे मात्र ठळक सांगा. चुकलेला निर्णय घेऊन परत मागायला आलेल्यालाही तो टोमणा मारत नाही.

---

पारावरून

चर्चा वैयक्तिक निर्णयांवर चालली आहे. याकोब मात्र समूहाला लिहितो, तेव्हा मंडळीच्या कामात दोन्ही शहाणपणे कशी दिसतात ते मी दोन ठिकाणे घेऊन सांगतो. तुमच्या मुलांपैकी काही लवकरच कमिटीवर जातील.

पहिले ठिकाण पैसा. २ करिंथ ८:१८-२१ मध्ये पौल यरुशलेमच्या मदतीची रक्कम एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, आणि कारण सांगतो: प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्याही दृष्टीने योग्य ते करावे म्हणून. म्हणजे 'देव बघतोय, हिशेब कशाला' हे वाक्य अध्यात्म नाही. नियम असे ठेवा: अर्पण दोघांनी मिळून मोजायचे, ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत, त्याच दिवशी वहीत आकडा आणि दोघांच्या सह्या, पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण रक्कम बँकेत. आलेल्या रोकडीतूनच खर्च भागवून उरलेले भरणे ही सर्वांत नेहमीची चूक, कारण मग जमा किती आणि खर्च किती हे दोन्ही पुसले जाते. मंडळीचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज (कलम २२) आणि जागा विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी (कलम ३६) लागते. हे कागद वेळेवर न करणे आणि नंतर त्यावरूनच दोन गटांनी कोर्टात जाणे, इथे करिंथचा सहावा अध्याय जसाच्या तसा घडतो.

दुसरे ठिकाण जड आहे आणि मला ते तळमळीने सांगायचे आहे. मंडळीत, वसतिगृहात किंवा संडे स्कूलमध्ये एखाद्या लेकराला कोणी वाईट हेतूने हात लावल्याचे कळले की 'आपसात मिटवू, मंडळीची बदनामी नको, पौलाने कोर्ट नको म्हटले आहे' असे शहाणे सल्ले सुरू होतात. १ करिंथ ६:२ मध्ये पौलाचा शब्द 'अगदी क्षुल्लक बाबी' असा आहे. तिथे विषय व्यवहारातल्या नुकसानीचा आहे, गुन्ह्याचा नाही. गुन्ह्याच्या बाबतीत रोमकरांस १३:४ आहे. पॉक्सो कायदा २०१२ (लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा), कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा, आणि संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती एक वर्षापर्यंत. आधी लेकराला त्या माणसापासून सुरक्षित करायचे, त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायचे नाहीत, जे त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे, आणि कळवायचे. आरोपीला आधी बोलावून 'समज देणे' ही चूक करू नका, त्यामुळे लेकरावर दबाव येतो. शेवंती यांनी योनादाबचा उल्लेख केला. त्याच अध्यायात ओवी २० पाहा: तामारचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाबद्दल तिला म्हणतो, 'आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे.' शांततेला शुद्धतेच्या आधी नेले की काय होते, ते तिथे लिहून ठेवले आहे.

---

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. धडा असा बसवतो आहे: पाच मिनिटे शब्द (सोफिया, ग्नोसिस, फ्रोनिमोस). दहा मिनिटे याकोब २:१-४ आणि ३:१-१८, फळ्यावर ओवी १७ क्रमाने. आठ मिनिटे करिंथ, १:१२ पासून ६:५ पर्यंत. सात मिनिटे कारभारी, रकमांसह, ओवी १३ पर्यंत. दहा मिनिटे जामीनकीचा प्रश्न, चार-चारच्या गटात, तीन पायऱ्यांचा कागद हातात. पारावरून यांचा दुसरा मुद्दा चाळीस मिनिटांत घाईने नको; त्यासाठी संडे स्कूलच्या शिक्षकांसह वेगळी बैठक लावण्याबद्दल पाळकसाहेबांशी बोलतो.

एकच शंका उरली. गटात कोणी म्हणाले की 'मी प्रार्थना केली, मला शांती वाटली, म्हणून सही केली', तर?

---

घंटाघर

रागावू नका, त्याला दोन गोष्टी विचारा. सही करण्याआधी कागद वाचला होता का? आणि नको म्हणणाऱ्या एका तरी माणसाचे ऐकून घेतले होते का? शांती खरी असू शकते. पण निर्णय टळल्यावर, संकोच सुटल्यावरही मनाला हलके वाटते आणि ते शांतीसारखेच भासते. इग्नेशियस यासाठी आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासायला सांगतात: विचार चांगल्या ठिकाणाहून निघाला, पण पुढे तो लपवाछपवीकडे किंवा अस्वस्थतेकडे उतरला का? उतरला असेल तर कुठल्या टप्प्यावर, ते त्याला स्वतःला शोधू द्या.

---

शेवंती

आणि १ राजे ३:९ वाचून घ्या. शलमोनाने जे मागितले त्याचा हिब्रूत शब्दशः अर्थ 'ऐकणारे हृदय' असा आहे. त्यानंतर १ राजे १०:२६-२९ आणि अनुवाद १७:१६-१७ शेजारी शेजारी ठेवा: १,४०० रथ, १२,००० स्वार, मिसरहून घोडे, सोने, आणि अकराव्या अध्यायात ७०० राण्या व ३०० उपपत्नी. राजाने जे करू नये म्हणून लिहिले होते तेवढेच त्याने एकेक करून केले, आणि प्रत्येक पाऊल त्या काळच्या राजनीतीत शहाणपणाचेच होते. गटातल्या मुलांना वेळ उरला तर विचारा: ऐकणे नेमके कुठल्या ओवीत थांबले?